उसने आटे

हरचेकर चाळीला दुपारी साडेतीनला पाणी येतं. येतं म्हणजे, पूर्वी यायचं. यंदा माघ सरता सरता ते नुसतं डोकावून जायला लागलं. अंगणातल्या नळातून आधी वारा सुटायचा, मग लालसर गुळणी पडायची आणि मग करंगळीएवढी धार लागायची. त्या धारेपुढे चाळीस बिऱ्हाडांचे हंडे, कळश्या आणि रंगाचे रिकामे डबे रांगेत बसलेले असायचे.

बुधाजी मांडवकर रोज त्या धारेखाली तळहात धरून उभा राहायचा, डॉक्टरनं नाडी बघावी तसा. सत्तरी ओलांडलेला माणूस. चौतीस वर्षं पाणीखात्यात चावीवाला होता. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली झडप असते. ती छातीएवढ्या उंच चावीनं फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडणारा, तो चावीवाला. लालबाग-परळच्या निम्म्या बायकांचा दिवस आपल्या मनगटावर उजाडायचा, असं तो सांगायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

"काय म्हणतंय काका, तुमचं धरण?" चाळीचा सेक्रेटरी हितेंद्र विचारायचा. हा बँकेत नोकरीला, पण पाण्याच्या वेळेला अर्धी सुट्टी टाकून बालदी घेऊन हजर.

"धरणाला काय झालंय? आठ फूट पातळी खाली ठेवलीय, म्हणून दाब कमी."

"म्हणजे म्हातारं झालं. रिटायर करा ना त्याला."

सगळी रांग हसायची. बुधाजीला ते हसू झोंबायचं. धरणाला कुणी म्हातारं म्हटलं की त्याला वाटायचं, बोट आपल्याकडेच आहे.

धरण सावरखिंडीचं. सह्याद्रीच्या पायथ्याला सावरी नदीवर गोऱ्या साहेबानं बांधलेलं, सव्वाशे वर्षांचं, काळ्या दगडाचं. तिथून शहराच्या या भागात पाणी येतं ते निव्वळ उतारानं, एकही पंप न लावता. यंदा भिंतीच्या जुन्या चुन्यातून पाणी पाझरायला लागलं, म्हणून दोन उन्हाळे डागडुजी काढली होती आणि तोवर पाणी आठ फूट खाली ठेवायचं ठरलं होतं. धरणात आठ फूट उतरले, ते परळच्या या चढावर येईपर्यंत नळाच्या गळ्याशी आले होते.

खरं तर बुधाजी या चाळीचा नव्हेच. त्याचा सगळा संसार झाला चढाच्या पायथ्याशी, माणगावकर चाळीत. ती चाळ पाडून तिथं टॉवर उठतोय. तोवर बिल्डर भाडं देतो आणि भाड्यात मिळाली ती ही तिसऱ्या मजल्यावरची खोली. खोलीला मोरी होती, मोरीत पूर्वी नळ होता. आता तिथं नुसतं पिंप होतं. अंगणातून हंडा उचलायचा, बेचाळीस पायऱ्या चढायच्या आणि पिंपात ओतायचा. मीराबाईच्या गुडघ्यांनी पहिल्याच वर्षी हात टेकले होते. तरी ती दोन कळश्या आणायचीच. दर मजल्यावर थांबून कठड्याला कमर टेकायची आणि नवऱ्याला म्हणायची, "जगाला पाणी पाजलंत. आता मला पाजा."

शेजारच्या खोलीत आनंदीबाई. शहात्तर वर्षांची, मालवणकडची, एकटीच. तिची बोटं सांध्यात वाकडी झालेली, पण कळशी कुणाच्या हातात द्यायची नाही. तिच्या मोरीतला नळ मात्र तिनं काढू दिला नव्हता. तोटी कायम उघडी. तिच्यावर चहाची गाळणी अडकवलेली.

"हा नळ कशाला ठेवलात?" मीराबाईनं एकदा विचारलं होतं.

"आमचे हे सांगून गेलेत, बंद करू नको. पाणी येतला तेव्हा आपलो नळ उघडो व्हयो," आनंदीबाई म्हणाली होती, आणि गाळणी काढून चहा गाळला होता.

फाल्गुन लागला तसा हितेंद्र कागद घेऊन वर आला. चढावरच्या सगळ्या चाळींचा अर्ज होता. सावरखिंडीच्या खाली नदीकाठाला सात गावं आहेत. दर फाल्गुनात धरणाची मोरी, म्हणजे भिंतीतली पाण्याची वाट, उघडून त्यांच्यासाठी नदीत पाणी सोडतात. यंदा ते सोडू नये, शहराला द्यावं, एवढीच मागणी.

"काका, पहिली सही तुमची. जुना चावीवाला, धरणावर वाढलेला माणूस. वजन पडेल."

बुधाजीनं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि परत दिला.

"ही सही मी नाय करणार."

"का? तुमची बायको हंडे चढवतेय ना?"

"ते पाणी त्यांचं आहे. आपल्याकडे पाणी कमी येतंय ते गावांमुळे नाही. आठ फुटानं एवढं पाणी तुटत नसतं. खाली माणगावकरच्या बाजूला बघ, धार अजून मनगटाएवढी आहे. आपल्याच लायनीत कुठंतरी खोट आहे."

"मग दाखवा ना खोट!"

"दाखवतो. पंधरा दिवस दे. नाही सापडली तर पहिली सही माझी."

गॅलरीत दहा-बारा जण उभे होते. सगळ्यांच्या देखत शब्द गेला. मीराबाईनं आतून कपाळाला हात लावला, तो सगळ्यांना दिसला.

बुधाजी त्या गावांसाठी का अडला, ते त्याला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. त्याचा बाप राजापूरकडून आला आणि सावरखिंडीच्या मोरीवर राखणदार म्हणून चिकटला. बुधाजीचा जन्म भिंतीच्या पायथ्याच्या खोलीतला. भर वैशाखात त्या भिंतीला पाठ लावून बसलं की सदरा दमट व्हायचा. उन्हातून आलेला बाप आधी भिंतीला गाल लावायचा, मग घरात यायचा. पोरगा विचारायचा, "बाबा, आतून काय ऐकू येतं?" बाप म्हणायचा, "मुंबईला चाललंय, घाईत आहे."

फाल्गुनात नदीची मोरी उघडायची, तो सणच असायचा. मोरीच्या झडपेचे तीन आटे उघडायचे. आटा म्हणजे चावीचा एक पुरा फेर. पहिला आटा फिरला की कोरड्या पात्रातल्या दगडांवरून पाणी सरपटत निघायचं, आणि पोरं त्याच्या पुढं पळायची. नदीच्या वाळूत सात गावांनी काकड्या आणि वाल लावलेले असायचे. महिन्याभरानं पहिली काकडी बापाच्या उंबऱ्यावर यायची. ती चव बुधाजीला पुढं कुठल्याही बाजारात सापडली नाही, आणि दादरला तर तो दर उन्हाळ्यात शोधायचा.

त्या बापाची एक रीत होती. एकाचं पाणी अडवून दुसऱ्याला द्यावं लागलं, की तेवढे आटे 'उसने' म्हणायचे आणि लगेच खांद्यावरच्या पंचाला गाठ मारायची. आटे परत केले की गाठ सोडायची, तीही ज्याचं पाणी घेतलं त्याच्यासमोर. "धरण साठवायला नसतं रे, वाटायला असतं," बाप म्हणायचा. "आणि वाटणाऱ्याच्या डोक्यावर भरवसा ठेवू नये, पंचावर ठेवावा." बुधाजीनं ही रीत मुंबईत आणली. सोबतचे चावीवाले आधी हसले, मग तेही गाठी मारायला लागले.

दुसऱ्या दिवशी तो वॉर्ड ऑफिसात गेला. ऋता नावाची तरुण इंजिनीयर होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि संगणकावर दाब दाखवला. मोठ्या लायनीत दाब ठीक होता.

"म्हणजे बरोबर आहे मी!" बुधाजी म्हणाला. "खोट चढावरच्या फाट्यात आहे. चला, एकेक खड्डा उघडू."

मुलगी भली होती. कंत्राटदाराची दोन माणसं घेऊन ती रोज तासभर यायची. बुधाजी रस्त्यात गुडघ्यांवर बसून झाकणाखालच्या गाळात हात घालायचा, झडपेच्या बोंडाला कान लावायचा. कंत्राटाची माणसं मोबाइलवर त्याचे फोटो काढून हसायची. एके दुपारी तो टॉवरच्या फाटकापाशी एका झाकणावर वाकला, तर वॉचमननं हटकलं, "ओ चाचा, इधर नहीं बैठने का." बरोबर त्याच जागी माणगावकर चाळीचा ओटा होता आणि बुधाजी त्यावर चाळीस वर्षं बसला होता. त्यानं पँटचा चिखल झटकला आणि पुढच्या झाकणाकडे गेला.

दहा दिवसांत अकरा खड्डे झाले. सगळ्या झडपा नीट. शेवटी राहिली चढाच्या तोंडाची, जिथून फाटा हरचेकर चाळीकडे वळतो ती. तिच्या झाकणावर फरशा बसवलेल्या होत्या.

"ही फोडावी लागेल. परवानगीला आठवडा," ऋता म्हणाली. तिनं जुनं रजिस्टर उघडलं. "पण इथं तर दर वर्षी लिहिलंय, 'तेरा आटे, पूर्ण उघडी'. सही... काका, ही तुमचीच ना?"

बुधाजीनं चष्मा सावरला. स्वतःची वळणदार सही बघून त्याला जरा बरंच वाटलं.

"माझीच. मग ती सोडा. माझी सही आहे म्हणजे उघडीच असणार."

तेराव्या दिवशी नळाला आलं ते पाणी चहासारखं तांबडं होतं. मीराबाईनं पिंपाच्या तोंडाला बांधायला फडकं शोधलं, मिळालं नाही, म्हणून खाटेखालची ट्रंक ओढली. आकांक्षाच्या, म्हणजे मुलीच्या लग्नातले कपडे त्यात होते. त्यातला एक पंचा तिनं काढला आणि पाणी गाळायला बसली. आनंदीबाई कळशी घेऊन दारात टेकली होती.

"आमच्याकडे ह्यां नेहमीचाच," ती म्हणाली. "तुमका आता कळता. वरच्या मजल्यार पाणी चढान बावीस वर्सां झाली."

"बावीस?" बुधाजी पेपरातून वर बघत म्हणाला.

"तर काय! तुमच्या चेडवाचा लगीन झाला, त्या वर्सापासून. माका बरा आठवता. खाली तुमच्या मांडवात बुंदी पडत होती, नि हय माझो नळ सुको झालो. अर्ज केले. सायेब सांगत, चावी पुरी उघडी आसा, पायप जुनो झालो."

ती कळशी उचलून गेली. बुधाजी तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याची नजर पंचाकडे गेली. मीराबाई पंचाचं एक टोक नखांनी ओढत होती.

"ह्याला मेली गाठ कसली? सुटता सुटत नाही."

बुधाजीच्या हातातला पेपर खाली आला.

त्या वर्षी दुष्काळ होता. लग्न वैशाखातलं, माणगावकर चाळीच्या अंगणात, पंगतीला पाचशे माणूस. आदल्या दिवशी नळाची धार सुतासारखी. आचारी म्हणाला, पाणी नसेल तर चुली पेटवत नाही. बुधाजी चावी खांद्यावर टाकून चढाच्या तोंडाशी गेला आणि वरच्या चाळींची झडप नऊ आटे बंद करून आला. तीन दिवसांसाठी. नव्या पंचाला तिथंच गाठ मारली. पाणी आलं, बुंदी पडली, मुलगी रडत सासरी गेली. तिसऱ्या दिवशी सावरखिंडीहून निरोप आला, बाप अंथरुणाला खिळला. बुधाजी अंगावरच्या कपड्यांनिशी धावला. बाप धरणाखालच्याच वस्तीत होता, दोन महिने अंथरुणात होता, मरताना त्याला खाटेसकट भिंतीपाशी न्यायला लागलं. तेरावं करून बुधाजी परतला तेव्हा पाऊस लागून गेला होता, धरण भरून वाहायला लागलं होतं आणि सगळ्या अंगणांतल्या नळांना पाणीच पाणी होतं. मीराबाईनं लग्नाचे कपडे धुऊन ट्रंकेत ठेवले होते. पंचाही.

भरलेल्या धरणानं बावीस वर्षं त्याची चूक पोटात घातली होती. वरच्या मजल्यांना काही ते जमलं नाही, पण अंगणातल्या नळाला धार होती, म्हणून कुणी खोलात गेलं नाही. आणि तो निवृत्त होईपर्यंत दर वर्षी ऑफिसात बसून 'पूर्ण उघडी' लिहीत गेला, कारण आटे मोजण्यात बुधाजी मांडवकर चुकत नाही, हे साऱ्या खात्याला माहीत होतं. त्यालाही. आता म्हातारं धरण आठ फूट खाली आलं आणि त्याचं झाकलेलं उघडं पडलं.

त्यानं मीराबाईला सांगितलं. तिनं पंचाची गाठ बोटात धरली.

"म्हणजे तीन वर्षं मी ह्या पायऱ्या तुमच्यापायी चढतेय," ती म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा." मग आवाज उतरवून म्हणाली, "झालं ते झालं. आता बोलू नका कुणाला. त्या पोरीला सांगा, तेवढी झडप बघ. फरशी निघेल, चावी फिरेल, पाणी येईल. कोण विचारतंय कुणी बंद केली?"

बुधाजीला ते पटलं. खोटं कशाला सांगा, अगदी मनापासून पटलं. तो तडक वॉर्ड ऑफिसात गेला आणि ऋताला म्हणाला, ती झडपही बघून टाकू. वर शब्द टाकून दोन दिवसांत फरशी फोडायची परवानगी आणते, असं तिनं कबूल केलं. परतताना तो हलका झाला होता. जिन्यात आनंदीबाई भेटली. दुसऱ्या मजल्यावर कळशी कठड्यावर टेकवून ती श्वास घेत होती. बुधाजीला बघून हसली आणि वाट दिली.

"जावा तुमी फुडे, भाऊ. माका येळ लागता."

तो पुढे गेला नाही. तिच्या दोन पायऱ्या मागून, तिच्या चालीनं चढत राहिला. हलकेपणा तिथंच कुठंतरी गळून पडला. बाप भिंतीला गाल लावून उभा असलेला त्याला दिसला, आणि त्याला रडूच आलं.

पंधराव्या दिवशी साडेतीनच्या आधी फरशी निघाली. चाळ रस्त्यावर लोटली. हितेंद्र अर्ज घेऊनच आला होता. आनंदीबाईला बुधाजीनं स्वतः हाताला धरून खाली आणलं होतं. ती म्हणत होती, "माका कित्याक? माका चावीतला काय कळता?"

कंत्राटाच्या माणसानं चावी लावली.

"थांब," बुधाजी म्हणाला. त्यानं चावी स्वतःच्या हातात घेतली. "ही नऊ आटे बंद आहे."

ऋता म्हणाली, "न फिरवता कसं कळलं, काका?"

"मीच बंद केली. पोरीच्या लग्नात. तीन दिवसांसाठी केली आणि विसरलो." त्यानं खांद्यावरचा पंचा आनंदीबाईसमोर धरला. "ही त्याची गाठ. तुमचं पाणी मी उसनं घेतलं होतं, वहिनी. गाठ तुमच्यासमोर सोडायची असते."

हितेंद्र गर्दीतून पुढे आला. "बावीस वर्षं, काका? माझी आई हंडे चढवून चढवून गेली. आणि तुम्ही तिथं सही करत होता?"

बुधाजीनं मान खाली घातली. चावीच्या दांडीला छाती लावून त्यानं जोर दिला. बावीस वर्षांचा गंज एकदा करकरला आणि पहिला आटा सुटला. कंत्राटाची माणसं मदतीला आली, त्यानं त्यांना मानेनंच नको म्हटलं. दोन. तीन. चौथ्याला तो धापा टाकत थांबला. तेव्हा हितेंद्रनं अर्जाची घडी करून खिशात टाकली आणि दांडीचं दुसरं टोक धरलं. नऊ झाले तेव्हा दोघांचे तळवे सोलले होते.

ऋतानं रजिस्टर पुढं केलं. "काका, मला हे लिहावं लागेल."

"मीच लिहितो," बुधाजी म्हणाला, आणि जे झालं ते तारखेसकट लिहून खाली सही केली. ती नेहमीसारखी वळणदार आली नाही.

तेवढ्यात वरून मीराबाईची हाक आली. "अहो! आनंदीबाईंच्या खोलीतून पाणी येतंय! गॅलरीत आलंय!"

आनंदीबाई पदर खोचून जिन्याकडे निघाली. तिच्या मागं बुधाजी. तिसऱ्या मजल्यावर तिच्या उंबऱ्यावरून पाणी वाहत होतं. आत मोरीतला नळ खोकत होता, गंज थुंकत होता, आणि त्यातून बोटाएवढी धार पडत होती. गाळणी वाहत खाटेखाली गेली होती.

आनंदीबाईनं वाकड्या बोटांनी तोटी बंद केली. मग उघडली. मग पुन्हा बंद केली. बुधाजी दारात पाण्यात उभा होता.

"पुसाक कायतरी द्या," ती म्हणाली.

त्याच्याकडे पंचाच होता. तिनं तो घेतला, ओणवी झाली आणि लादी पुसायला लागली. तो वाकायला गेला तर हातानंच त्याला थांबवलं. कोपरान् कोपरा पुसून झाल्यावर तिनं पंचा पिळला आणि दोरीवर टाकला. गाठीचं टोक ठिबकत राहिलं.

"वहिनी, गाठ..."

"सुकल्यार सोडतंय," आनंदीबाई म्हणाली. खाटेखालची गाळणी उचलून तिनं नळाखाली धरली आणि तोटी उघडून धुवायला घेतली. "घाई कसली, भाऊ? तुमका तरी खंय घाई होती?"